क रांग, खुर्ची एक्केचाळीस

कार्डाचा उजवा कोपरा उकलला होता. प्लास्टिकच्या कार्डात तीन थर असतात हे एरवी कळत नाही. इथे ते वेगवेगळे दिसत होते. वरचा पारदर्शक, मधला छापील, खालचा पांढरा. मधल्या थरावर बाबांचा फोटो होता आणि आत शिरलेली हवा त्यांच्या डाव्या कानापर्यंत पोचली होती. धाकटीने नखाने कोपरा दाबून पाहिला. दाबला की बसत होता, सोडला की दोन-तीन सेकंदांत पुन्हा वर येत होता. मागच्या वर्षी याच दिवशी पाहिलं तेव्हा हवा कानापासून अर्धा सेंटिमीटर लांब होती.

"खेळू नकोस त्याच्याशी," आई म्हणाली. "दे इकडे."

आईने ओल्या फडक्याने कार्ड पुसलं आणि टेबलावर पहिलं ठेवलं. एक्केचाळीस. मग काकांचं बेचाळीस, दादाचं त्रेचाळीस, धाकटीचं चव्वेचाळीस. स्टेडियममध्ये ज्या क्रमाने खुर्च्या, त्याच क्रमाने टेबलावर कार्डं, हे बाबांनी घालून दिलेलं होतं. दरवर्षी फुटबॉल क्लबच्या पासाच्या नूतनीकरणाच्या दिवशी सगळे इथे जमायचे, आई कार्डं पुसायची, बाबा फॉर्म भरायचे आणि पंधरा मिनिटांत काम उरकून पुढच्या मोसमाच्या गप्पा सुरू व्हायच्या. आज जमून सव्वा तास झाला होता. फॉर्म कोराच होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते आणि क्लबचं कार्यालय पाचला बंद होणार होतं.

दादाने पत्र तिसऱ्यांदा उलगडलं. बसच्या डेपोत दिवसभर इंजिनात हात घालून त्याच्या बोटांच्या चिरांत काळं तेल कायमचं बसलं होतं. कागद तो कडांनी धरायचा.

"'जुनी कार्डे या मोसमापासून रद्द. कुटुंब पासाच्या मुख्य धारकाने फोटो असलेल्या ओळखपत्रासह स्वतः कार्यालयात उपस्थित राहावे. अन्यथा पासावरील सर्व जागा प्रतीक्षायादीतील सभासदांना देण्यात येतील.'" तो थांबला. "स्वतः. खाली ठळक अक्षरात पुन्हा एकदा. स्वतः."

"स्वतः कसं यायचं, ते दिलंय का त्यात?" वहिनी म्हणाली.

कोणी हसलं नाही. आई आधीच पुसलेलं कार्ड पुन्हा पुसू लागली.

बाबांना जाऊन दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते. क्लबला ते माहीत नव्हतं. मुद्दाम लपवावं असं सुरुवातीला कोणाच्याच मनात नव्हतं. ते गेले तेव्हा मोसमाचे घरचे सात सामने उरले होते आणि संघ खालच्या विभागात घसरायच्या अगदी काठावर होता. पहिल्या सामन्याला धाकटीने फक्त सवयीने बाबांचंही कार्ड बरोबर घेतलं. पूर्वेच्या फाटकावरच्या यंत्राला आधी ते दाखवलं, लोखंडी दांडा हाताने ढकलला, तो टक् करून एक फेरा फिरला आणि आत कोणीच गेलं नाही. मग तिने स्वतःचं कार्ड दाखवलं आणि ती गेली. त्या दिवशी संघ तीन-एकने जिंकला. पुढच्या सामन्याला काकांनी फाटकाबाहेरच विचारलं, "अण्णांचं कार्ड आणलंयस ना?" मग तेही जिंकले. सातच्या सात जिंकले. इतकं झाल्यावर कार्ड परत करायचं नाव कोण काढणार? नियम असा होता की धारक वारला तर नव्वद दिवसांत कळवायचं, पास बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर होतो. नव्वदावा दिवस कधी उलटला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीच्या लक्षात आलं होतं. ती मोजणाऱ्यांतलीच होती.

त्यानंतर दोनदा फॉर्म आला आणि दोन्ही वेळा 'धारकाची सही' या रेघेवर तिनेच बाबांची सही केली. शाळेत असताना ती ही सही गंमत म्हणून गिरवायची. बाबांना ते माहीत होतं. "प्रगतिपुस्तकावर करू नकोस म्हणजे झालं," एवढंच ते म्हणायचे.

काकांनी हात वर केला. बोलण्याआधी हात वर करायची त्यांना इतकी सवय होती, की मैदानाच्या कडेने झेंडा वर करणाऱ्या पंचावरून घरात त्यांचं नाव लाइन्समन पडलं होतं.

"बोला, लाइन्समन," दादा म्हणाला.

"मी जातो."

"कुठे?"

"कार्यालयात. अण्णा म्हणून."

वहिनीने कप खाली ठेवला. "काका, बाबा तुमच्यापेक्षा वीतभर उंच होते."

"खिडकीतल्या माणसाला उंची दिसत नाही, टोपी दिसते. अण्णांची टोपी घालतो, चष्मा लावतो. कार्डावरचा फोटो अकरा वर्षांपूर्वीचा आहे, ओळखपत्रावरचा त्याहून जुना. आणि म्हातारी माणसं सगळी सारखीच दिसतात, असं तूच म्हणतेस ना तुझ्या दवाखान्यात?"

"कवळ्या सारख्या दिसतात म्हणाले होते मी. माणसं नाही."

"आमची नाकं सारखी आहेत," काका म्हणाले आणि खिडकीकडे वळून त्यांनी नाक दाखवलं. नाक खरंच बाबांचं होतं. धाकटीने नजर वळवली.

"आणि सही?" तिने विचारलं.

काकांनी उजवा हात टेबलावर पसरला. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेला तो हात आता थोडा थोडा, सतत थरथरायचा. "सही तू घरूनच करून दे. नेहमीसारखी. मी फक्त फॉर्म सरकवायचा आणि खोकायचं."

"खोकायचं कशाला?"

"जास्त बोलावं लागू नये म्हणून."

दादा आता हसला. मोठ्याने नाही, पण त्याचे खांदे सैल झाले. दादा हसला म्हणजे त्याला हे पटायला लागलं होतं.

"दादा, हे बरोबर नाहीये," ती म्हणाली. "आत्तापर्यंत निदान कोणी समोर उभं राहून खोटं बोललं नव्हतं."

"मग काय करू या, पिपेट? तूच सांग."

पिपेट हे बाबांनी ठेवलेलं नाव. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, तेव्हा थेंब मोजायच्या त्या काचेच्या नळीचं नाव बाबांना इतकं आवडलं की त्यांनी ते तिलाच देऊन टाकलं.

"सांगून टाकू या," ती म्हणाली. "बाबा गेले, आमची चूक झाली, पास आईच्या नावावर करा."

"आणि ते म्हणतील, हो का, बरं झालं सांगितलंत," काका म्हणाले. "पोरी, अकरा वर्षांची यादी आहे बाहेर. अकरा वर्षं लोक थांबलेत एकेका खुर्चीसाठी. आपल्या चार खुर्च्या त्यांना फुकट मिळतील. शिवाय दोन वर्षं ज्येष्ठांची सवलत घेतली, त्याचं काय? सह्या कोणी केल्या, हा प्रश्न येईल. तुझं नाव येईल."

तेच तर तिच्या डोक्यात तीन आठवडे फिरत होतं. पुढच्या महिन्यापासून प्रयोगशाळेच्या अहवालांवर ती एकटी सही करणार होती. साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "तुमच्या सहीवर लोक पाणी पिणार." ती त्या वेळी मान हलवून बाहेर आली आणि हात धुवायच्या बेसिनपाशी बराच वेळ उभी राहिली. अहवालात कधी शून्य लिहायचं नसतं. दूषित घटक आढळला नाही, तर 'मोजमापाच्या मर्यादेखाली' असं लिहायचं. बाबांच्या सहीबद्दल ती दोन वर्षं स्वतःला असंच काहीतरी सांगत आली होती. इतकं बारीक की मोजण्यात येत नाही.

"मला विचाराल तर सोडून द्या सगळंच," वहिनी म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात लोकांना नंबर द्यायची आणि कोणालाही घाबरत नसे. "या वर्षी दर एक तृतीयांशाने वाढलाय. याचा सव्वा महिन्याचा पगार एका खुर्चीला. आणि कार्डाची किंमत कार्डावर संपते का? बाहेरगावचे सामने वेगळे, त्याची बस वेगळी, बिनपगारी रजा वेगळी. पावसात भिजून आला की औषध. हरले की दोन दिवस जेवणात लक्ष नाही, ते कुठे धरायचं? माझ्या भावाच्या लग्नात हा हाफटाइमपर्यंत होता."

"परत आलो होतो."

"पेनल्टी संपल्यावर! फोटोत सगळे आहेत आणि तुझ्या जागी हार घातलेला फोटोग्राफरचा मदतनीस उभा आहे."

"किती वेळा सांगशील ते?"

"जितके घरचे सामने तितक्या वेळा. वर्षाला एकोणीस."

दादाने पत्राची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. "ठीक आहे," तो एकदम म्हणाला. "मी माझी खुर्ची सोडतो. तीनच ठेवा. बाबांची, काकांची आणि हिची. मी डेपोत शनिवारची पाळी घेतो, त्याचे जास्तीचे मिळतात."

आता वहिनी खूश होईल असं धाकटीला वाटलं. पण वहिनी नवऱ्याकडे पाहत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"नाही," ती म्हणाली.

"का? तूच तर..."

"मी म्हणते ते म्हणते. म्हणायला काय जातं?" ती उठली आणि उगाचच खिडकीचा पडदा सरळ करू लागली. "शनिवारी तू तिथे ओरडून येतोस म्हणून रविवारी घरात ओरडत नाहीस. बाबा गेले त्या महिन्यात तू दोन सामन्यांना गेला नव्हतास. आठवतंय? मला आठवतंय. पलंगाच्या कडेला बसून राहायचास, बूटसुद्धा काढायचा नाहीस." ती वळली. "काका, टोपी कुठे आहे बाबांची?"

"वहिनी!" धाकटी म्हणाली.

"अगं, दहा मिनिटांचं काम. खिडकीवर कोण एवढं निरखून बघतंय? मी रोज दीडशे लोकांचे चेहरे बघते, संध्याकाळी एक आठवत नाही."

अशा तऱ्हेने पाच मिनिटांत धाकटी एकटी पडली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोरी, मला दुसरं ठिकाण नाही गं. सोमवार ते शुक्रवार मी कोणाशी बोलत नाही, भाजीवाला सोडून. अण्णांच्या खुर्चीवर मी थर्मास ठेवतो. हाफटाइमला दोन कप ओततो, दोन्ही मीच पितो. एवढंच आहे माझं. मागत नाही, सांगतो फक्त."

धाकटीने फॉर्म उचलला, पेन उचललं आणि "आत उजेड बरा आहे" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

आई तिच्या आधीच तिथे होती. चहाचं आधण ठेवून गॅसपाशी उभी होती, पण गॅस पेटवायचा राहिला होता. धाकटीने तो पेटवला. खिडकीतून, समोरच्या इमारतींच्या वर, स्टेडियमच्या दिव्यांचा एक खांब दिसायचा. याच खिडकीत उभं राहून आईने चाळीस वर्षं सामने ऐकले होते. आत ती कधीच गेली नव्हती. चार खुर्च्या होत्या आणि त्या भरलेल्या होत्या. पहिल्या दोन आजोबांनी बॉयलरच्या कारखान्यात असताना घेतलेल्या, तेव्हा तिथे लाकडी बाक होते. तिसरी बाबांनी दादा झाला तेव्हा घेतली. चौथी धाकटी झाली त्या आठवड्यात. तिचं नावसुद्धा ठरलं नव्हतं, फॉर्मवर 'मुलगी' एवढंच लिहिलं होतं. पाचवी घ्यायचं कधी कोणाच्या मनात आलं नाही. आईनेही काढलं नाही.

"गोल झाला की आवाज वर जातो आणि लांबतो," आई म्हणाली. "हुकला की वर जातो आणि तुटतो. मला कधी रेडिओ लावावा लागला नाही."

"माहितेय, आई."

"शेवटची शिट्टी झाली की आधण ठेवायचं. बावीस मिनिटांत दारात. जिंकले तर सतरा." तिने साखरेचा डबा उघडला आणि तसाच ठेवला. "फाटकावर तू काय करतेस, ते मला एकदा सांग बरं. हे सगळे नुसतं 'दोनदा' म्हणतात."

धाकटीने सांगितलं. आधी बाबांचं कार्ड, मग दांडा हाताने ढकलायचा. टक्. मग स्वतःचं कार्ड. टक्.

"म्हणजे पहिल्यांदा कोणी आत जात नाही."

"नाही."

"नुसता दांडा फिरतो."

"हो."

आई त्या खांबाकडे बघत राहिली. "घरी फोन आला की मी सांगते, ते बाहेर गेलेत. शनिवारी तेवढं ते खोटं वाटायचं नाही मला," ती म्हणाली.

पाणी उकळून वर आलं. आईने गॅस बारीक केला. धाकटीने फॉर्म ओट्यावर ठेवला. रेघेवर पेन टेकवलं. बाबांच्या सहीत पहिलं अक्षर मोठं होतं आणि शेवटी एक ओढ होती, खाली जाऊन वर येणारी. तिच्या मनगटाला ती पाठ होती. तिने पेन उचललं. रेघेवर एक निळा ठिपका राहिला होता.

बाहेरून दादाने विचारलं, "झाली सही?"

"फॉर्म घेतलाय मी," ती म्हणाली आणि घडी घालून तो पर्समध्ये टाकला.

आई कपाटातून टोपी घेऊन बाहेर आली. तपकिरी, आतून तेलकट झालेली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोक्यावर ठेवली. ती कानांवर उतरली. वहिनीने आत वर्तमानपत्राची पट्टी घालून ती बसवली.

"आता चष्मा," काका म्हणाले.

"चष्मा नाही," आई म्हणाली.

"वहिनीबाई, फोटोत चष्मा आहे. चष्म्याशिवाय..."

"टोपी न्या, भाऊजी. ओळखपत्र न्या. चष्म्याला हात लावायचा नाही."

आईने इतक्या वर्षांत काकांना कशालाही नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. काकांचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला.

"आणि मी येतेय," आई म्हणाली.

"तू? तू कशाला येतेस, आई?" दादा म्हणाला. "रांग असेल, उभं राहावं लागेल."

"चाळीस वर्षं ऐकलंय. एकदा बघते."

चार वाजून पाच मिनिटांनी ते निघाले. वहिनी घरी थांबली. दारातून तिने काकांना ओरडून सांगितलं, "खोकला थोडा कमी करा, डॉक्टर बोलावतील!" आणि लगेच, खालच्या आवाजात, नवऱ्याला, "फोन कर हं. काहीही झालं तरी कर."

रस्ता उताराचा होता. सामन्याच्या दिवशी इथे चालायला जागा नसे. आज बंद दुकानं, एक सायकल, कुंपणाला अडकलेला जुना मफलर. काका पुढे चालत होते आणि चालता चालता बाबांची जन्मतारीख पाठ करत होते. दोनदा त्यांनी स्वतःचंच साल म्हटलं. दादा प्रत्येक वेळी दुरुस्त करत होता. धाकटीने मनगटावर दोन बोटं टेकवली. तिने सवयीने ठोके मोजले. पंधरा सेकंदांत सत्तावीस. पुढे गुणायचं टाळलं.

आता सांगावं. दुकान संपेपर्यंत सांगावं. वळण येईपर्यंत. सही केलेली नाही, एवढं तरी. पण पुढे काकांची पाठ होती, टोपीखालून वर्तमानपत्राचं एक टोक दिसत होतं, आणि शेजारी आई होती, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. वळण आलं आणि गेलं.

कार्यालयात रांगेत अकरा जण होते. भिंतींवर जुन्या संघांचे फोटो, कोपऱ्यात पाणी थंड करायचं यंत्र, दर काही मिनिटांनी घरघरणारं. दोन खिडक्यांपैकी एक बंद. उघड्या खिडकीत एक बाई होती, धाकटीच्याच वयाची, केसांत पेन खोचलेलं. ती प्रत्येक फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचत होती आणि प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत होती. वहिनीने सांगितलं होतं तसं अजिबात नाही. पुढच्या माणसाला तिने टोपी काढायला लावली.

दादाने ते पाहिलं. काकांनीही पाहिलं.

"परत जाऊ या," धाकटी दादाच्या कानाशी म्हणाली. "दादा, अजून वेळ आहे."

"आता नाही, पिपेट." त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. "आता हललो तर जास्त दिसेल."

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांचा नंबर आला.

काका खिडकीशी गेले, खोकले आणि जुनं कार्ड, ओळखपत्र आतल्या बाजूला सरकवलं. धाकटीने पर्समधून फॉर्म काढून घडी तशीच ठेवून पुढे केला. बाईने कार्ड यंत्राला लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"अरे वा," ती म्हणाली.

काका खोकायचं विसरले.

"पूर्व स्टँड, क रांग, एक्केचाळीस. काका, आम्ही तुमचीच वाट बघत होतो." ती खुर्चीतून थोडी उठली. "गेल्या दोन मोसमांत घरचा एकही सामना न चुकवलेले सगळ्यात जुने धारक तुम्ही. अडतीसपैकी अडतीस! त्याआधी मधले काही राहिलेत, आजारी होतात वाटतं. पण आता बघा." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. एकाखाली एक हिरव्या खुणा होत्या, सगळा पडदा भरून. "या वर्षी पहिल्या सामन्याला तुम्हाला मैदानात बोलवायचं ठरलंय. मधोमध. तुमचा फोटो पुस्तिकेत छापायचाय. घरच्यांनाही आणा. या कोण, काकू का?"

आईने मान हलवली. ती त्या हिरव्या खुणांकडे बघत होती. धाकटीही बघत होती. त्यातली प्रत्येक खूण तिने केलेली होती, हाताने, दांडा ढकलून. कोणी आत गेलं नव्हतं.

"टोपी जरा काढता का, काका? नवीन कार्डाला फोटो लागेल."

काकांनी टोपी काढली. कपाळावर वर्तमानपत्राची पट्टी चिकटली होती. त्यांनी ती सोडवली आणि मुठीत चुरगळली. टोपीशिवाय ते अगदी स्वतःसारखे दिसत होते. बाईने ओळखपत्राकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्राकडे. "चष्मा नाही लावत आता?"

"ऑपरेशन," दादा घाईने म्हणाला. "मोतीबिंदूचं."

"अच्छा." ती अजून हसतच होती, पण हसू जरा मंदावलं होतं. तिने फॉर्म उलगडला, पुढून वाचला, मागून वाचला. "सही राहिलीय."

दादाने धाकटीकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. रागाने नाही. जिना उतरताना शेवटची पायरी नसल्याचं कळावं, तसं.

"इथेच करा, काही हरकत नाही." बाईने केसांतलं पेन काढलं आणि काचेखालच्या फटीतून पुढे केलं.

काकांनी पेन घेतलं. हात कागदावर नेला. पेनाचं टोक त्या निळ्या ठिपक्याच्या आजूबाजूला थरथरत राहिलं, जागा सापडत नसल्यासारखं. मागे कोणीतरी घड्याळ बघून उसासा टाकला. पाणी थंड करायचं यंत्र घरघरायचं थांबलं आणि त्या शांततेत धाकटीला शेजारी बारीकसा आवाज आला. आईने पर्स उघडली होती. तिच्या हातात चष्म्याचं घर होतं. ते तिने काकांना दिलं नाही. नुसतं धरून ठेवलं आणि धाकटीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ना हो होतं, ना नाही. ती ऐकायला उभी राहावी तशी उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत, आवाज वर जातोय की तुटतोय, याची वाट बघत.

धाकटीने काकांच्या हातावर हात ठेवला. थरथर तिच्या तळव्यात आली. तिने पेन हळूच काढून घेतलं आणि काचेच्या फटीपाशी आडवं ठेवलं.

"हे माझे काका आहेत," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्या सगळ्या खुणा मी केल्यात आणि सह्याही माझ्याच आहेत. त्यांचं कार्ड बंद करा."